मार्सेयच्या कालाँकमध्ये पहिल्यांदा चालायला जाताना

सावरकरांच्या उडीमुळे मार्सेय हे बंदर मराठी माणसाला नावाने तरी माहीत असतं. त्या शहराच्या दक्षिण टोकापासून पूर्वेला कासी गावापर्यंत सुमारे २० किलोमीटर पांढऱ्या चुनखडीचा किनारा पसरला आहे. डोंगर सरळ समुद्रात उतरतात आणि मधल्या चिंचोळ्या दऱ्यांत पाणी आत शिरलेलं असतं. अशा प्रत्येक दरीला तिथे कालाँक म्हणतात. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, तेव्हा या कोरड्या दऱ्या होत्या. पुढे पाणी चढलं आणि त्यांचा खालचा भाग बुडाला. २०१२ पासून हा सगळा प्रदेश राष्ट्रीय उद्यान आहे. त्यात जमीन साधारण ८,५०० हेक्टर आणि समुद्र त्याच्या पाचपट.

इथलं सर्वांत उंच शिखर, मों प्युजे, जेमतेम ५६५ मीटरचं. तोरणा-राजगड केलेल्या माणसाला हा आकडा ऐकून हायसं वाटतं, आणि गफलत तिथेच होते. किल्ल्यावर जाताना चढ आधी असतो. दमलो तर तिथूनच मागे फिरता येतं आणि परतीची वाट उताराची असते. कालाँकमध्ये नेमकं उलट. सकाळच्या गारव्यात तुम्ही उतरत उतरत समुद्राशी जाता, पोहता, जेवता. आणि दुपारच्या उन्हात, बाटल्या निम्म्या झालेल्या असताना, सगळा चढ समोर उभा राहतो. नवखा माणूस अडचणीत येतो तो बहुधा या परतीच्या चढावर. त्यात वाटेत झरा नाही, टाकं नाही, सावली तुरळक आणि दगड गुळगुळीत.

म्हणून तयारीचा क्रम असा ठेवा: आधी तारीख, मग प्रवेश खुला आहे का ते, मग वाट, आणि वाटेप्रमाणे पाणी. बहुतेक जण आँ-व्हो या कालाँकच्या निळ्या पाण्याचा फोटो पाहून वाट आधी ठरवतात आणि बाकीचं त्या वाटेमागे ओढत नेतात.

पायरी पहिली: तारीख

भूमध्य समुद्राकाठचं ऋतुचक्र आपल्या अगदी उलटं आहे. मार्सेयला वर्षाकाठी ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला याच्या कितीतरी पट पाऊस एका पावसाळ्यात होतो. हा थोडका पाऊसही मुख्यतः शरद ऋतूत आणि हिवाळ्यात येतो. जून ते ऑगस्ट जवळजवळ कोरडे जातात. चुनखडी पाणी धरून ठेवत नाही, भेगांतून खाली सोडून देते, त्यामुळे पाऊस पडून गेल्यावरही ओढे वाहताना दिसत नाहीत.

आपल्याकडून जाणाऱ्यांना सुट्ट्यांचा हिशेब करावा लागतो. मे महिन्याची सुट्टी उत्तम. दिवस मोठा, ऊन सोसवणारं, फुलं असतात आणि वणव्याचे निर्बंध अजून सुरू झालेले नसतात. समुद्र मात्र गार असतो, पोहायचं असेल तर मनाची तयारी ठेवा. मार्चच्या मध्यापासूनच चालायला छान हवा मिळते.

दिवाळीची सुट्टीही चालते, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवून. एक म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये तापलेल्या समुद्रावरून येणारा पाऊस थोडक्या तासांत धो धो कोसळतो. असा इशारा असेल त्या दिवशी दरीत उतरू नका, आणि दुसऱ्या दिवशीही कड्यांच्या पायथ्याशी बसू नका, कारण भिजलेल्या भेगांतून दगड सुटतात. दुसरी गोष्ट घड्याळाची. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि सूर्यास्त अचानक साडेपाचच्या सुमारास येऊन ठेपतो. जूनमध्ये तोच सव्वानवाच्या पुढे असतो. दिवाळीत जाणाऱ्याने दुपारी दोनपर्यंत परतीची वाट धरावी आणि सॅकमध्ये हेडटॉर्च ठेवावा.

जुलै-ऑगस्ट टाळता आले तर टाळा. नोकरीच्या सुट्टीमुळे तेच महिने मिळत असतील तर पुढची पायरी नीट वाचा.

पायरी दुसरी: प्रवेश खुला आहे का

दर वर्षी १ जून ते ३० सप्टेंबर या काळात वणव्याच्या धोक्यानुसार डोंगरात जायला परवानगी मिळते किंवा नाकारली जाते. निर्णय रोजच्या रोज होतो आणि आदल्या संध्याकाळी सहाच्या सुमारास जाहीर होतो. नकाशावर प्रत्येक डोंगररांगेला रंग दिलेला असतो. लाल म्हणजे बंद, तिथे वाद नाही. राष्ट्रीय उद्यानाचं 'मे कालाँक' नावाचं मोफत अ‍ॅप आहे, त्यात उद्याचा रंग दिसतो. बंदी असताना आत शिरलात तर १३५ युरो दंड.

हे निर्बंध नुसते कागदावर नाहीत. अलेप्पो पाईनच्या लाकडात राळ असते, खाली रोझमेरी आणि थाईमची तेलकट झुडपं वाळलेली असतात आणि वर जोराचा वारा. ऑगस्ट १९९० मध्ये इथे लागलेल्या वणव्याने रांगेचा मोठा भाग जळून गेला. चुनखडीवरचा मातीचा तोकडा पापुद्र्यासारखा थर एकदा उघडा पडला की धुपून जातो, आणि त्याच्याशिवाय रोपं पुन्हा उभी राहायला दशकं लागतात.

सुजितों या एका कालाँकला उन्हाळ्यात आणखी एक अट आहे. गर्दीच्या दिवशी तिथे अडीच हजारांच्या घरात लोक उतरत होते. त्यांच्या पायांनी माती सुटून पाईनची मुळं उघडी पडली. म्हणून २०२२ पासून दिवसाला ४०० जणांनाच प्रवेश देतात. आरक्षण फुकट आहे, उद्यानाच्या संकेतस्थळावर करायचं आणि मिळालेला क्यूआर कोड वाटेवर दाखवायचा. जूनअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत रोज आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे काही शनिवार-रविवारी हा नियम लागू असतो. त्या वर्षीच्या तारखा संकेतस्थळावर पाहून घ्या. आरक्षण फार आधी होत नाही, जायच्या तीन दिवस आधी खुलतं आणि सुट्टीच्या दिवसांचं लगेच भरतं. आरक्षणाशिवाय सापडलात तर ६८ युरो. आरक्षण हातात असलं तरी त्या दिवशी रंग लाल झाला तर जाता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

उन्हाळ्यात जाणाऱ्याने बंदच्या दिवसासाठी दुसरा बेत हाताशी ठेवावा. जुन्या बंदरातून फ्रिऊल बेटांवर बोट जाते, तिथे चालायला मोकळा, बोडका, सुंदर किनारा आहे. वारा फारच असेल तर बोटही रद्द होते. अशा दिवशी कॉस्केर गुहेची प्रतिकृती पाहा. मूळ गुहेचं तोंड कालाँकच्या समुद्रात ३७ मीटर खोल आहे. आँरी कॉस्केर या पाणबुड्याने ती १९८५ मध्ये शोधली. आत हजारो वर्षांपूर्वीची घोड्यांची आणि हाताच्या पंजांची चित्रं आहेत. गुहेत कुणाला जाता येत नाही, म्हणून २०२२ मध्ये मार्सेयच्या बंदराजवळ तिची प्रतिकृती उभारली.

पायरी तिसरी: वाट निवडणं

पहिल्या दिवसासाठी तीन वाटा सुचवतो, सोपीपासून अवघडकडे.

*कालेलाँग ते मार्सेयव्हेर.* मार्सेयच्या मेट्रोने रों-प्वाँ द्यु प्रादोला उतरा, तिथून १९ क्रमांकाची बस माद्राग द मोंत्रदोंपर्यंत, आणि पुढे २० क्रमांकाची छोटी बस कालेलाँगपर्यंत. रस्ता तिथे संपतो. समुद्र उजव्या हाताला ठेवून तासाभरात मार्सेयव्हेरच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर पोचता. चढ-उतार किरकोळ आहेत, पण पायाखाली दगडच दगड आणि सावली जवळजवळ नाही. समोर माईर, जार आणि रिऊ ही बेटं दिसत राहतात. या टापूत, माद्रागपासून कालेलाँगपर्यंत, एकोणिसाव्या शतकात शिशाचे कारखाने होते. डोंगरउतारावर आडव्या टाकलेल्या त्यांच्या धुरांड्यांचे अवशेष अजून दिसतात, आणि काळसर मळीत शिसं आणि आर्सेनिक राहिलेलं आहे. लहान मुलांना त्या काळ्या खड्यांत खेळू देऊ नका, तिथली रोझमेरी तोडून घरी नेऊ नका आणि खाण्याआधी हात पुसून नाही, धुऊन घ्या.

*कासी ते पोर्त-पँ.* मार्सेयहून लोकल गाडीने कासी स्टेशन अर्ध्या तासाच्या आत येतं. स्टेशन गावापासून ३ किलोमीटरवर आहे आणि मध्ये बस असते. कासीच्या बंदरापासून पोर्त-मिऊ अर्धा तास. हा एक किलोमीटरहून लांब समुद्राचा फाटा आहे, दोन्ही बाजूंना नांगरलेल्या शिडाच्या बोटी. त्याच्या काठाने जुन्या दगडखाणीवरून रुंद वाट जाते, आणि आणखी अर्ध्या तासात पाईनच्या सावलीतला पोर्त-पँचा किनारा लागतो. मुलांकडे युरोपात आलेले आईबाबा बरोबर असतील तर इथपर्यंत यावं, पोर्त-मिऊच्या टोकापर्यंत तर गुडघे दुखणाऱ्यालाही जमतं.

पोर्त-पँच्या पुढे आँ-व्हो, आणि इथे वाटेचा स्वभावच पालटतो. आधी पठारावर चढायचं आणि मग एका तीव्र उताराच्या नाळेतून उतरायचं. नाळेतला दगड वर्षानुवर्षांच्या पायांनी घोटला गेला आहे, काही ठिकाणी हात लावल्याशिवाय उतरता येत नाही. अंतर नकाशावर बोटभर दिसतं पण पाऊण ते एक तास जातो. परत येताना तीच नाळ चढायची. ज्यांना कातळटप्प्यांची सवय नाही त्यांनी वरच्या सज्जावरून आँ-व्हो बघून मागे फिरावं. वरून ती जास्त देखणी दिसते, हे मी समजूत घालण्यासाठी म्हणत नाही. वरच्या गार्दिओल खिंडीकडून दरीतल्या दरीत येणारी वाट लांब आहे पण उतार सौम्य आहे, तो दुसरा पर्याय.

*ल्युमिनी ते सुजितों.* प्रादोहूनच बी१ ही बस ल्युमिनी विद्यापीठाच्या आवारापर्यंत जाते. शेवटच्या थांब्यापासून पाईनच्या रानातून रुंद कच्चा रस्ता अर्ध्या तासात खिंडीशी आणतो. तिथून पंधरा मिनिटांवर सज्जा आहे. खाली सुजितों, पाण्यातला तॉर्पियर नावाचा खडक, मागे ग्रांद काँदेलचा सुळका. पहिल्यांदा आलेल्यांनी इथे थांबून खालच्या उताराकडे नीट बघावं. समुद्रापर्यंत आणखी अर्धा तास उतार आहे आणि तो सगळा, साधारण २०० मीटर, परत चढायचा आहे.

कोणत्याही वाटेसाठी वेळेचा हिशेब ताशी अडीच किलोमीटर धरा, ताशी चार नव्हे. आणि एक समज मनातून काढून टाका. दमलो तर बोटीने परत येऊ, असं होत नाही. कासी आणि मार्सेयहून निघणाऱ्या सहलीच्या बोटी कालाँकमध्ये फेरी मारून जातात, किनाऱ्यावर माणसं चढवत-उतरवत नाहीत.

पायरी चौथी: पाणी आणि सॅक

हिवाळ्यात अर्ध्या दिवसाला माणशी २ लिटर, वसंतात ३, उन्हाळ्यात ४. हे पाणी बस पकडण्याआधीच भरून घ्या, वाटेच्या तोंडाशी मिळेल या भरवशावर राहू नका. मार्सेयव्हेरसारख्या ठिकाणी एखादी खानावळ असते, पण ती उघडी असेलच असं नाही. किनाऱ्यावर पोचाल तेव्हा निम्म्याहून जास्त पाणी शिल्लक असायला हवं, कारण चढ अजून यायचा आहे. तसं नसेल तर पोहण्यात वेळ घालवू नका, ऊन उतरेपर्यंत सावलीत बसा आणि मग निघा.

नुसतं पाणी पीत राहिलं आणि घामातलं मीठ भरून काढलं नाही तर डोकं जड होतं, मळमळतं, पायात गोळे येतात. घरून इलेक्ट्रालची चार पाकिटं न्या. मोठं पाकीट एक लिटरला एक, पाणी वाढवून किंवा कमी करून नाही. बरोबर खारे शेंगदाणे, खजूर, ऑलिव्ह. मार्सेयमध्ये नाव्हेत नावाची, संत्र्याच्या फुलांच्या अर्काची कडक बिस्किटं मिळतात. उन्हात विरघळत नाहीत, सॅकमध्ये मोडत नाहीत, चालायला जाणाऱ्यासाठी झकास. चीज आणि चॉकलेट मात्र मे महिन्यातसुद्धा बारा वाजेपर्यंत पातळ होतं.

स्टोव्ह नेऊ नका. वाटेत चहा टाकणं, मॅगी शिजवणं ही आपली सवय इथे थेट गुन्हा आहे. आग पेटवायला बंदी बारा महिने आहे आणि सिगारेटलाही. गरम चहा हवा असेल तर थर्मासमध्ये.

टोपीला हनुवटीखालून दोरी हवी, नाहीतर पहिल्याच खिंडीत वारा ती समुद्रात देतो. पांढरा दगड ऊन खालून वर फेकतो, त्यामुळे हनुवटी आणि नाकाखालीही क्रीम लावा आणि गॉगल घ्या. हिवाळ्यात आणि वसंतात वारा अडवणारं पातळ जॅकेट हवंच. लांब पँट घाला; वाटेच्या कडेच्या खुज्या ओकची पानं काटेरी असतात आणि पोटऱ्या ओरबाडून काढतात. कचऱ्यासाठी दोन पिशव्या ठेवा, एक साधी आणि एक घट्ट बंद होणारी. आत कुठेही कचरापेटी नाही, शौचालय नाही. वापरलेला कागदही परत आणायचा.

भाड्याच्या गाडीने जात असाल तर डिकीत बॅगा ठेवून चालायला जाऊ नका. वाहनतळांवर काचा फोडून चोऱ्या होतात. बसने जाणंच सोयीचं. सॉर्मिऊ आणि मॉर्जिऊकडे उतरणारे रस्ते मोसमात खासगी गाड्यांना बंद असतात.

पायरी पाचवी: पायाखालचा दगड

इथे थोडा वेळ देतो, कारण पाय मुरगळण्याचे आणि पडण्याचे प्रसंग इथूनच येतात.

सह्याद्रीतला काळा बेसाल्ट खरबरीत असतो आणि कोरडा असला की बूट धरून ठेवतो. चुनखडी तशी नाही. जिथे पावलं कमी पडतात तिथे ती करडी, खडबडीत, हाताला टोचेल अशी असते आणि पकड उत्तम देते. पण मुख्य वाटेवर, नेमक्या सगळ्यांनी पाय टाकलेल्या जागी, ती देवळाच्या उंबऱ्यासारखी गुळगुळीत होते, पिवळट झाक येते आणि तिरप्या उजेडात चकाकते. हा चकाकणारा दगड कोरडा असतानाही सटकतो. ओला असेल तर त्यावर उभंही राहता येत नाही. सगळ्यांचा पाय पडतो ती जागा सुरक्षित, हा नेहमीचा अंदाज इथे उलटा पडतो. पाऊल टाकताना चकाकी शोधा आणि तिच्या हातभर बाजूचा करडा दगड निवडा. मात्र झुडपांत शिरून नवी वाट पाडू नका, दगडावरून दगडावरच सरका.

बुटाचा तळ मऊ रबराचा आणि नक्षी शिल्लक असलेला हवा. शहरात पळण्याचे झिजलेले बूट आणि कडक प्लॅस्टिकसारख्या तळाचे स्वस्त बूट, दोन्ही इथे घसरतात. पोहून आल्यावर ओल्या, वाळू चिकटलेल्या तळव्यांनी लगेच चढायला लागू नका. बूट-मोजे कोरडे करून घाला.

उतरताना पाठ दगडाला टेकवून, बसत बसत सरकण्याचा मोह होतो. त्यात पुढचं पाऊल दिसत नाही आणि सॅक मागून ढकलते. तीव्र टप्प्यावर तोंड कातळाकडे करा, दोन हात आणि एक पाय पक्के ठेवून दुसरा पाय खाली शोधा. काठ्या अशा टप्प्याआधी सॅकला बांधून टाका. कुठे साखळी किंवा लोखंडी शिडी असेल तर एका वेळी एकच माणूस. घसाऱ्यावर उलट: तिथे अंतर ठेवून पण एकमेकांच्या थेट खाली न येता उतरायचं, आणि दगड सुटला तर मोठ्याने ओरडायचं. घसारे अनेक ठिकाणी चालायला बंद आहेत, कारण त्यांवर फक्त तिथेच उगवणारी रोपं आहेत.

पायरी सहावी: खुणा वाचणं

जीआर ९८-५१ ही लांब पल्ल्याची वाट संपूर्ण किनाऱ्याने जाते. तिची खूण म्हणजे वर पांढरा, खाली लाल, असे दोन आडवे पट्टे. त्याखाली कोपऱ्यात वळलेला बाण असेल तर वळण. पांढऱ्या-लाल पट्ट्यांची फुली म्हणजे ही वाट तुमची नाही, मागे फिरा. याखेरीज एकरंगी खुणा आहेत, हिरव्या, निळ्या, काळ्या, तपकिरी, शेजारी कधी आकडा आणि अक्षर. काळा रंग म्हणजे अवघड असं नाही; हे स्कीच्या वाटांसारखं काठिण्य दाखवत नाहीत, फक्त वाट ओळखण्यासाठी आहेत. निळी वाट समजून निर्धास्त निघालेला माणूस एखाद्या साखळीच्या टप्प्यावर अडकू शकतो. म्हणून वाटेचं काठिण्य आधीच वाचून घ्या.

शेवटची खूण दिसून दहा मिनिटं झाली आणि पुढची सापडत नसेल तर मागच्या खुणेपर्यंत परत या. खाली समुद्र दिसतोय म्हणून सरळ उतरत जाणं ही इथली सर्वांत धोक्याची चूक, कारण उतार पुष्कळदा कड्यावर जाऊन संपतो आणि वरून तो कडा दिसत नाही. आयजीएन या फ्रेंच सरकारी नकाशासंस्थेचा १:२५,००० नकाशा, क्रमांक ३१४५ ईटी, घ्या किंवा फोनवर आधीच उतरवून ठेवा. दरीच्या तळाशी नेटवर्क जातं.

वारा आणि पाणी

मिस्त्राल हा रोन नदीच्या खोऱ्यातून येणारा वायव्येचा वारा. आकाश निळंभोर, हवा स्वच्छ, आणि झोत ताशी १०० किलोमीटरपर्यंत. खिडकीतून बघणाऱ्याला वाटतं, यापेक्षा छान दिवस नाही. धारेवर गेल्यावर उभं राहवत नाही. अंदाजात ५० च्या वरचे झोत असतील तर कडेकडेने जाणाऱ्या वाटा आणि सज्जे सोडा, पाईनच्या रानातली वाट धरा.

या वाऱ्याचा समुद्रावरही परिणाम होतो, तो नवख्यांना माहीत नसतो. वारा वरचं ऊबदार पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि खालचं थंड पाणी वर येतं. ऐन जुलैत, काल २४ अंशांचं असलेलं पाणी आज १६ अंशांच्या आसपास असू शकतं. घामाघूम होऊन एकदम उडी टाकली तर श्वास अडकतो. आधी पाय, मनगटं, मान भिजवा. कड्यावरून उड्या मारणारी पोरं दिसतील. खाली खडक किती आहेत हे त्यांनाही माहीत नसतं.

किनाऱ्यावर तपकिरी, कागदासारख्या पट्ट्यांचे ढीग दिसले तर तो कचरा नव्हे. पॉसिडोनिया या समुद्री गवताची ती गळलेली पानं आहेत आणि लाटांपासून किनारा धरून ठेवतात. कॉर्तिऊ या कालाँकमध्ये मात्र पोहू नका, शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी तिथे समुद्रात सोडलं जातं.

हात कशाला लावायचा नाही

निवडुंग आणि घायपात बघून ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटेल. ती इथली नाहीत, दोन्ही अमेरिकेतून बागांमध्ये आणली गेली आणि डोंगरात पसरली. उद्यान ती खणून काढतं. इथला अस्सल रहिवासी आहे अ‍ॅस्ट्रागॅलस, किनाऱ्यालगत खारं पाणी झेलत जमिनीला चिकटून वाढणारा काटेरी उशीसारखा झुडूपगोळा. फ्रेंच लोक त्याला गमतीने सासूची उशी म्हणतात. तो संरक्षित आहे आणि एका पावलाने मोडतो, म्हणून कालेलाँगजवळ दोऱ्या बांधून वाट आखली आहे. दोरी ओलांडू नका.

जानेवारी ते एप्रिलमध्ये पाईनवर पांढरी रेशमी घरटी दिसतात आणि खाली सुरवंटांची रांग चालताना दिसते. हे सुरवंट हाताळू नका, काडीनेही ढोसू नका. त्यांचे केस हवेत उडाले तरी अंगावर पुरळ येतं, डोळ्यात गेले तर डॉक्टर गाठावा लागतो. ड्रोन, तंबू, स्पीकरवरची गाणी यांना बंदी आहे. शरद आणि हिवाळ्यात काही भागांत शिकारीला परवानगी असते, तेव्हा भडक रंगाचा शर्ट घाला आणि वाट सोडू नका.

काही झालंच तर

११२ हा युरोपभर चालणारा नंबर, समुद्रातल्या अडचणीसाठी १९६. फोन लागल्यावर पहिल्या वाक्यात ठिकाण सांगा: कोणतं कालाँक, कोणत्या रंगाची वाट, शेवटची कोणती खूण पाहिली, फोनवर दिसणारे अक्षांश-रेखांश. फ्रेंच येत नसेल तर इंग्रजीत, छोट्या वाक्यांत. खालून फोन लागत नसेल तर एकाने जखमीजवळ थांबावं आणि दोघांनी वर नेटवर्क मिळेपर्यंत चढावं. मार्सेयचं अग्निशमन दल नौदलाचं आहे आणि कड्यावरून सुटका करण्यात ते तरबेज आहेत. त्यांचं हेलिकॉप्टर दिसलं की हात हलवून गंमत म्हणून अभिवादन करू नका, त्याचा अर्थ मदत हवी असा होतो.

धूर दिसला तर फोटो काढत थांबू नका. वारा कुठून येतोय ते पाहा आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडा. आग चढावर झपाट्याने धावते, म्हणून झाडीच्या उतारावर वर पळू नका. बाहेरची वाट बंद झाली असेल तर बोडक्या कातळावर किंवा थेट समुद्राकाठी जा. शेंगेन व्हिसासाठी काढलेल्या विम्यात ट्रेकिंग वगळलेलं नाही ना, हे घरी असतानाच वाचून घ्या.

पुढचा टप्पा: संपूर्ण किनारा

दोन-तीन वाटा चालून झाल्या की कालेलाँग ते कासी, जीआर ९८-५१ वरून, हा बेत डोक्यात येतोच. साधारण २८ किलोमीटर आणि ११ ते १२ तास लागतात. सतत चढ-उतार असल्यामुळे एकूण चढाई हजार मीटरहून बरीच जास्त भरते. उद्यानात मुक्कामाला बंदी आहे, म्हणून दोन दिवसांत करायचं तर मधोमध ल्युमिनीला बाहेर पडा. पहिल्या दिवशी कालेलाँगहून मार्सेयव्हेर, सॉर्मिऊ, मॉर्जिऊ करत सुजितोंपर्यंत आणि वर चढून बी१ बस. दुसऱ्या दिवशी त्याच बसने परत, तिथून देव्हाँसोंच्या कड्यांवरून आँ-व्हो आणि कासी. दुसरा दिवस जास्त खडतर आहे, मधून सुटायला सोप्या वाटा नाहीत, तेव्हा पाणी त्याच दिवशी जास्त घ्या आणि पहाटेची बस धरा. कासीत उतरल्यावर स्टेशनची शेवटची बस चुकली तर ते ३ किलोमीटर चढाचे आहेत. बंदरावर बाटल्या भरून घ्या आणि मगच निघा.